शेवड्यांचे पुस्तक

रत्नागिरीच्या वरच्या आळीतल्या वामनराव शेवड्यांनी छापखाना काढला, त्यांचे चिरंजीव पुरुषोत्तमपंत यांनी तो वाढवला, पुरुषोत्तमपंतांचे चिरंजीव अण्णा यांनी तो टिकवला, आणि अण्णांना मुलगा नव्हता म्हणून तो सुमेधेकडे आला. यातला 'म्हणून' लोकांचा. सुमेधेच्या मते, त्या घरात अण्णांनंतर ऱ्हस्व-दीर्घ तिला एकटीलाच कळत होते आणि छापखान्याच्या वारसाला तेवढी पात्रता पुरते.

छापखान्याबरोबर एक वचनही वारशाने आले होते. १९२१ साली वामनरावांचे पायाने चालवायचे यंत्र मुंबईहून आगबोटीने आले आणि पडावातून धक्क्यावर उतरले, तेव्हा ते वाहून न्यायच्या गाडीचा आस मोडला. संगमेश्वराकडच्या एका गावचा बाबल्या सोळा गडी घेऊन बंदरावर हमालीला आला होता. त्याने वासे बांधून यंत्र उचलले, खांद्यावरून चढण चढवले आणि आळीत आणून जिथल्या तिथे बसवले. मजुरी देऊ केली तेव्हा मात्र त्याने हात मागे घेतला. त्याची आई काशी हिला जमिनीची, पाण्याची, भाताची, माशांची जितकी नावे ठाऊक होती तितकी पंचक्रोशीत कोणाला नव्हती. गावच्या पंतोजींनी ती दोन वह्यांत उतरवून घेतली होती. त्या वह्यांचे पुस्तक करून शंभर प्रती द्याव्यात, एवढेच बाबल्याचे मागणे. वामनरावांनी यंत्रावर हात ठेवून सांगितले, पुढच्या दिवाळीला ये.

बाबल्या पुढच्या दिवाळीला आला, त्याच्या पुढच्याही आला. काम अडले होते ते अर्ध्या 'र'पाशी. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या घळी. दोहोंत भेद आहे तो डोळ्याच्या पापणीएवढ्या त्या अर्ध्या 'र'चा. छापखान्याच्या खणात त्याचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, होते सात, आणि काशीच्या शब्दांत पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा, तो पानोपानी वाहत होता. मुंबईच्या ओतकामवाल्यांकडे खिळे मागवले. त्यांनी साधा रफार पाठवला. विठू नावाचा जुळारी होता, त्याने कानशीने घासून घासून बारा खिळे घडवले, तोवर वामनरावांची दृष्टी गेली.

पुढे पुरुषोत्तमपंतांनी काम हाती घेतले. पंत विद्वान होते. शब्दांचे पुस्तक म्हणजे कोश आणि कोश म्हणजे अकारविल्हे, हे त्यांना इतके स्वयंसिद्ध वाटले की त्यांनी दोन्ही वह्या कात्रीने कापून शब्दाशब्दाच्या चिठ्ठ्या केल्या आणि त्या लावायला बसले. 'ग'पर्यंत आले आणि महायुद्ध सुरू झाले, कागद मिळेना. अण्णांच्या काळात कागद मिळत होता, पण लग्नपत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांची लेबले यांतून यंत्र मोकळे होत नव्हते. शेवटी खिळ्यांचे दिवस गेले, ऑफसेट आले. शिसे विकले गेले आणि चारशे बारा चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिल्या. शेवड्यांच्या घरात आरंभाचा उत्साह उदंड होता. शेवट करणारा माणूस निपजायला चौथी पिढी लागली.

चौथ्या पिढीलाही जाग आली ती एस.टी.त. २००५ सालच्या मार्गशीर्षात सुमेधा देवरुखहून परत येत होती. वय साठ, पाठ ताठ, मांडीवर पिशवी. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या. एकीचा मुलगा मुंबईस, तो घर बांधायला कधी येणार, असे दुसरीने विचारले.

"येल की," पहिली म्हणाली, "शेवड्यांचं पुस्तक येल तवा येल."

दोघी हसल्या. सुमेधेने मान वळवून विचारले, हे शेवडे कोण? बाईने नवलाने पाहिले. तिला ठाऊक नव्हते. तशी बोलायची रीत आहे, ती म्हणाली. जे व्हायचे नसते त्याला आमच्यात तसे म्हणतात. असेल कोणी शेवडा. मेलाही असेल.

तीन पिढ्यांनी हजारो पत्रिका छापल्या, एका पत्रिकेत वधूचे नाव चुकू दिले नाही, आणि संगमेश्वर तालुक्यात घराण्याचे नाव उरले होते ते खोटेपणाची म्हण होऊन. घरी येऊन तिने पत्र्याचा डबा काढला, चिठ्ठ्या मोजल्या आणि दुसऱ्या दिवशी सांगून टाकले की छापखान्यात कॉम्प्युटर येणार आणि आंब्याच्या हंगामाआधी पुस्तक निघणार.

कॉम्प्युटर कोणता, यावर दोन मते पुढे आली. चुलतभावाचा मुलगा अनिश याचे मारुती मंदिरापाशी कॉम्प्युटरचे दुकान होते. त्याचे म्हणणे, सगळे जग विंडोज वापरते, आत्याने वेगळी वाट कशाला धरावी. सुमेधेच्या दिवंगत मैत्रिणीची मुलगी मनस्विनी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवीत असे. तिचे म्हणणे, लिनक्स घ्यावे; फुकट असते आणि हवे ते सारे त्यातच येते. दोघांनीही आपापले म्हणणे भराभर आणि एकाच वेळी मांडले. सुमेधेने दोघांना थांबवले. तिने दोन टेबले मांडायला सांगितली, एका टेबलावर विकतचे, दुसऱ्यावर फुकटचे. दोन्हींना काम एकच: काशीच्या शब्दांचे पुस्तक सिद्ध करून दाखवणे.

"आणि हे पाहा," ती म्हणाली, "रुखवत ज्याचे त्याने मांडायचे. पेटीतून जे आले तेवढेच टेबलावर. बाहेरून काही आणायचे नाही."

अनिश हसला. "आत्ये, तुला लागेल ते सगळं मी टाकून देतो गो त्यात. सगळ्यांनाच देतो."

"टाकून देतो म्हणजे? विकत आणून, की कोणाचे तरी उतरवून?"

अनिश टेबलावरची वायर नीट करू लागला.

"रुखवतात शेजारणीची भांडी मांडून कोणाची अब्रू राहिलेली मी पाहिलेली नाही," सुमेधा म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला.

आधी विकतचे रुखवत मांडले गेले. दिसायला ते देखणे होते, यात वाद नव्हता. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळे आकाश, बटणे गोल, खुणा ठसठशीत. छपाईचे यंत्र तारेने जोडले मात्र, त्याने ते ओळखले आणि तसे सांगितलेही. सुमेधेने चष्मा लावून एकेक वस्तू उघडून घेतली. साधी टिपणवही होती, तीत अक्षर जाड-बारीक करता येई, पण एक शब्द जाड आणि पुढचा बारीक हे जमत नसे. तिच्याहून थोडी शहाणी दुसरी वही होती. तीत ते जमे, पण पानाचे दोन स्तंभ पाडता येत नव्हते. चित्रे रंगवायची पाटी होती. गाणी ऐकण्याची, चलच्चित्रे जोडण्याची सोय होती. पत्त्यांचे खेळ तर इतके, की सुमेधेने ते बनवणाऱ्यांकडे कामाचे तास किती असतात अशी चौकशी केली. पत्रके, तक्ते, पुस्तकाची पाने, छापखान्याला द्यायची पक्की फाईल, यांपैकी काही नव्हते. ते वेगळे घ्यायचे असते, अनिशने सांगितले. त्याची किंमत कॉम्प्युटरच्या निम्म्याहून थोडी कमी.

"म्हणजे सून शालू नेसून आली," सुमेधा म्हणाली, "आणि पोळपाट-लाटणे सासरच्यांनी आणायचे."

मराठीचे काय, असे तिने विचारले. अनिश म्हणाला, तेही वेगळे. टायपिंगचे पॅकेज तो पाच वर्षे विकत होता. मनस्विनीने विचारले, पेटीबरोबर आलेली विंडोजची मूळ सीडी आहे का? तबकडी प्लास्टिक न फोडलेली, कपाटात होती. ती घातल्यावर तिने एका लपलेल्या चौकटीत खूण केली, तबकडी दहा मिनिटे फिरली, आणि यंत्राला मराठी येऊ लागली. टाइप होता, कळफलक होता, अर्धा 'र' होता आणि तोही रेखीव. 'पऱ्या' पडद्यावर असा उमटला, की विठूने पाहिला असता तर कानस खाली ठेवली असती. गावातल्या कित्येक दुकानदारांनी, शाळांनी, वकिलांनी पेटीतच आलेली वस्तू पाच वर्षे वेगळे पैसे मोजून विकत घेतली होती, कारण पेटी कोणी उचकून पाहिलेली नव्हती. अनिशने चौकट बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. न्यायाने पाहता हा गुण विकतच्याकडे गेला, आणि सुमेधेने तो तसा मोजला.

मग फुकटचे. चार तबकड्या, त्यांवर मनस्विनीच्या हस्ताक्षरात आकडे. बसवायला सकाळची दुपार झाली. आतून जे निघाले ते मांडायला टेबल अपुरे पडले असते. लेखनाचे दालन होते, त्यात स्तंभ पडत होते, पानांना अंक लागत होते, अनुक्रमणिका आपोआप होत होती. तक्ता होता. छायाचित्रे सुधारण्याचे साधन होते. छापखान्याची पक्की फाईल एका बटणावर निघत होती. यासाठी अनिशच्या बाजूला आणखी एक खरेदी लागली असती. एकेका कामाला तीन तीन अवजारे होती आणि तिन्हींची नावे कोणाला उच्चारता येऊ नयेत अशी. पत्त्यांचे खेळ इथेही होते. सुमेधेने सुस्कारा सोडला.

दोष बाहेर यायला वेळ लागला नाही. छपाईचे यंत्र त्याला ओळखता येईना. मनस्विनी दोन दिवस काळ्या पडद्यावर हुकूम लिहीत बसली, अनिशने तिला मुद्दाम चहा आणून दिला आणि विचारले, "फुकट आहे ना? मग तुझे दोन दिवस कुणाच्या नावावर मांडू गो?" मराठीचे टाइप सोबत आलेले होते, पण पहिल्यात 'पऱ्या'चा 'र' पाय मोडलेल्या कुत्र्यासारखा 'य'पासून अलग बसला. दुसरा टाइप दिसायला ओबडधोबड, पण अर्धा 'र' त्यात सरळ होता. सुमेधेने तो पत्करला. सुबक चुकीपेक्षा ओबडधोबड शुद्ध बरे, हे छापखान्याचे जुने वळण.

खरी परीक्षा अकारविल्हेची होती. सुमेधेने आठ दिवस खपून चारशे बारा शब्द अर्थांसह स्वतः भरले. यादी लावायला सांगितली, तर अनिशच्या दोन्ही वह्यांना यादी लावणे हा प्रकारच ठाऊक नव्हता. मनस्विनीच्या तक्त्याने ती पापणी लवायच्या आत लावली, पण 'वळण' 'वहाळ'च्या आधी. मराठीत 'ळ' 'ह'च्या नंतर येतो, हे बालवाडीतल्या पोराला कळते. यंत्राने 'ळ'ला 'ल'च्या शेजारी बसवले होते. सुमेधेने कपाळाला आठी घातली. मनस्विनी म्हणाली, थांबा. वर्णांचा क्रम ज्या फाईलीत लिहिलेला होता ती तिने उघडली. साधी लिहिलेली फाईल, वाचता येईल अशी. तिने 'ळ' उचलून 'ह'च्या नंतर ठेवला, 'क्ष' आणि 'ज्ञ' त्याच्याही नंतर, आणि यादी लावण्याच्या एका लहानशा अवजाराला पुन्हा हुकूम दिला. 'वहाळ' पुढे आला, 'वळण' मागे गेले.

"हे तुझ्यात करता येते?" सुमेधेने अनिशला विचारले.

"आमच्यात आत हात घालायला देत नाहीत."

"म्हणजे इकडे खिळा घासता येतो," सुमेधा म्हणाली.

निवाडा झाला. पुस्तक फुकटच्या टेबलावर जुळवायचे आणि कच्ची प्रत, तिथे यंत्र ओळखले जाईपर्यंत, विकतच्या टेबलावरून काढायची. अनिशने ही वाटणी अपमान म्हणून घेतली. आत्याने ती सोय म्हणून सांगितली होती. माघाच्या सुरुवातीला अठ्ठेचाळीस पानांची कच्ची प्रत तयार झाली, 'अडण'पासून 'क्षार'पर्यंत, एका रेषेत, एकही 'र' न लंगडता. सुमेधेने ती दोनदा वाचली आणि आजोबांच्या तसबिरीपुढे क्षणभर उभी राहिली. पंतांनी 'ग'पाशी सोडलेले काम तडीस गेले होते.

बाबल्याचा नातू महिपत हयात असल्याचे तिने पत्र पाठवून शोधून काढले. मुंबईच्या गोदीत तीस वर्षे काढून तो गावी परतला होता. वय त्र्याहत्तर. तो एस.टी.ने आला, धुतलेला सदरा, काखेत छत्री. खुर्ची दिली तरी आधी उभाच राहिला, भिंतीपाशी ठेवलेल्या जुन्या यंत्राकडे पाहत. मग बसला. सुमेधेने कच्ची प्रत त्याच्या हातात दिली आणि गुणदोष सांगायला सांगितले. आता तो हरखेल, असे तिला वाटत होते, आणि हरखलेल्या माणसापुढे कोणता चेहरा ठेवायचा तेही तिने ठरवले होते.

महिपतने पहिले पान बोट लावून वाचले. दुसरे वाचले. मग मधली पाने चाळली, शेवट पाहिला, पुन्हा पहिल्या पानावर आला. प्रत त्याने टेबलावर ठेवली, कडा नीट जुळवून.

"बाय," तो म्हणाला, "शब्द आमचंच हायत. पर पानी वर चढतंय."

सुमेधेला कळले नाही. मनस्विनीलाही नाही. महिपतने पान उघडून दाखवले. 'खाडी' दहाव्या पानावर, 'झरा' सोळाव्यावर.

"आधी खाडी नि मागनं झरा. असा व्हईल कसा? आमच्या पनजीचं शब्द झऱ्यापास्नं सुरू व्हतात."

मग त्याने उलगडून सांगितले. काशीचे शब्द ही यादी नव्हती. ती वाट होती. कातळावर जिथे पहिले पाणी फुटते तिथून ती बोलायला लागे. तिथली माती, तिथले गवत, मग पऱ्या, पऱ्याचे कोंड म्हणजे डोह, त्याच्या काठची झाडे, मग जिथे पाणी अडवतात ती मळी, तिथे पेरायची भाते, पेरल्यापासून पाखडेपर्यंतचे एकेक काम, मग नदी, मग खाडी, आणि शेवटी खाडीतले मासे. पाणी जाईल तसा शब्द जाई. घरातली पोरे गुरांमागे जाताना ती वाट म्हणत म्हणत जायची, म्हणून ती पोरे कोणत्याही पऱ्याला चुकत नसत. पंतोजींनी ती वहीत तशीच लिहून घेतली होती.

त्या वह्यांना कात्री लागली होती ती शेवड्यांच्या घरात. तीन पिढ्या जे काम अपुरे राहिले म्हणून सुमेधेला लाज वाटत होती, ते काम मुळात कोणी मागितलेलेच नव्हते. वर्णमालेचा क्रम हाच जगाचा क्रम, ही समजूत एका विद्वानाने घरात आणली, आणि पुढच्यांनी तिच्याकडे वळून पाहिले नाही. चौथीने तर त्यासाठी यंत्रात हात घालायला लावून 'ळ' जागेवर बसवला.

"चूक आमच्या आजोबांची," सुमेधा म्हणाली. हे वाक्य त्या घरात आजवर उच्चारले गेले नव्हते. थांबून ती पुढे म्हणाली, "आणि माझीही. मी विचारायला हवे होते."

"ते शिकलेलं व्हतं," महिपत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागले.

त्याने असेही सांगितले, की छापलेत तेही वाईट नाही, तुम्ही एवढी खटपट केलीत, तेच द्या, आम्ही घेऊ. सुमेधेने मान हलवली. मागितले एक आणि दिले दुसरे, याला फेडणे म्हणत नाहीत. वह्या होत्या तशा होईपर्यंत यंत्र चालणार नाही, असे तिने जाहीर केले. चिठ्ठ्यांवर अंक नव्हते. क्रम उरला असेल तर तो महिपतच्या पायांत.

पुढच्या आठवड्यात अनिशच्या गाडीतून तिघे गावी गेले; राग धरूनही गाडी त्यानेच काढली. सुमेधेने अकारविल्हे छापलेली यादी पाटीला लावून घेतली होती. सकाळी सातला महिपत कातळावर उभा राहिला. सुरुवातीला त्याला काही आठवेना. तीस वर्षे गोदीत गेली होती. मग तो चालू लागला, आणि पाय उताराला लागले तसे शब्द येऊ लागले, आधी अडखळत, नंतर एकामागून एक, पोराच्या पाढ्यासारखे. तो शब्द बोले, मनस्विनी तो यादीत शोधे, सुमेधा त्यापुढे अंक घाली. दगडांवरून उतरताना तिने कोणाचा हात धरला नाही. अनिशने एकदा पुढे केला होता. तिने त्यात छत्री दिली.

दुपारी मळीपाशी महिपत थांबला. भाताच्या कामांचे साठ-सत्तर शब्द होते आणि ते त्याला मागेपुढे होत होते. त्याची बायको तुळसा भाकऱ्या घेऊन आली होती. तिने थोडा वेळ ऐकले आणि पदर खोचला.

"ह्यांना काय ठावं. लावनी करायला हे कंदी हुते का? गोदीत हुते. लिवा तुमी, मी सांगते."

तिने सांगितले, न थांबता, हातांनी काम करून दाखवत. रोप उपटण्यापासून सुपातली शेवटची कणी निवडण्यापर्यंत. महिपत भाकरी खात ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी खाडीपाशी पोचले, तेव्हा उरले होते अकरा मासे. दोघांचेही त्यांवर एकमत होईना. शेवटी तुळसा म्हणाली, पणजीचे माहेर खाडीकाठचे होते, ती काही माशांना आवडीनिवडीने नाही लावणार. भरतीबरोबर जो आधी वर चढतो तो आधी. तिथल्याच एका कोळणीला विचारून अकरा अंक घातले. यादीवर एकही जागा रिकामी राहिली नाही.

छापखान्यात आल्यावर मनस्विनीने तक्त्यात अंकांचा एक रकाना वाढवला आणि त्याप्रमाणे लावायला सांगितले. झरा वर गेला, खाडी खाली आली.

अनिश मागे उभा होता. "आत्ये, बोलू का? चालताना जसे आले तसे लिहिले असतेस, तर माझी टिपणवहीसुद्धा पुरली असती. ती काही न लावता जसंच्या तसं ठेवते."

सुमेधेने विचार केला. "खरे आहे," ती म्हणाली.

"मग एवढी परीक्षा कशाला घेतलीस?"

"अकारविल्हे नीट लागली म्हणून तर ती चूक आहे हे वाचता आले. 'ग'पाशी अडली असती, तर आणखी तीन पिढ्या तीच बरोबर वाटली असती."

त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकाला अनिश मूळ तबकडी घालून मराठी चालू करून देऊ लागला, आणि टायपिंगच्या पॅकेजाची जाहिरात त्याने काचेवरून उतरवली. मनस्विनीने महिन्याभराने छपाईच्या यंत्राचीही ओळख पटवली. दोन्ही टेबले छापखान्यात राहिली.

पुस्तक फाल्गुनात छापून झाले. शंभर प्रती, साधी बांधणी, मुखपृष्ठावर काशीचे नाव आणि खाली, शब्द सांगणारे म्हणून, महिपत आणि तुळसा. आपल्या घराण्याचे नाव सुमेधेने मुद्रक म्हणून शेवटच्या पानावर तळाशी लहान अक्षरात घातले. प्रस्तावना लिहायचा आग्रह मनस्विनीने केला होता. सुमेधा म्हणाली, चौऱ्याऐंशी वर्षे उशीर करणाराने प्रस्तावना लिहू नये.

प्रती घेऊन ती स्वतः गेली. शिमग्याला आठ दिवस होते, मुंबईहून माणसे येऊ लागली होती, देवळापुढच्या अंगणात गाव जमले होते. गठ्ठे सोडले गेले. माणसांनी पुस्तके हातात घेतली. पहिले पान उघडून कोणी मोठ्याने झरा म्हणाले, शेजारच्याने पुस्तकात न पाहता पुढचा शब्द म्हटला, आणि पलीकडून म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्याने त्यापुढचे चार. सुमेधा देवळाच्या पायरीशी उभी होती. कोणी तिला बस म्हटले नाही, आणि तेही तिला योग्यच वाटले. अजून काही व्हायचे राहिले होते.

महिपतने एक प्रत देवापुढे ठेवली. नारळ ठेवला. हात जोडून तो वळला आणि गावानेही हात जोडले. कोकणात देवाला सांगितल्यावाचून कोणताही व्यवहार पुरा होत नाही, मग तो कितीही जुना असो. महिपतने गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढचे जाहीर सांगणे, घातले.

"बा देवा म्हाराजा. माज्या आज्यानं शेवड्यांचं यंत्र खांद्यावरनं न्हेलं. त्याच्या बदली वामन शेवड्यांनी शबूद दिला."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाले.

"तो शबूद त्यांच्या पनतीनं आज पुरा केला. मागितला तसा केला. झऱ्यापास्नं खाडीपातुर."

"व्हय म्हाराजा."

"आता शेवड्यांकडं आमचं काय म्हनून ऱ्हायलं नाय. त्यांना मोकळं कर. त्यांच्या मागल्यांना मोकळं कर, फुडल्यांना मोकळं कर."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाले, आणि त्या आवाजात, पायरीशी उभ्या असलेल्या सुमेधेने आपल्या शुद्ध उच्चारात म्हटलेले 'होय महाराजा' मिसळून गेले.